चिमटा धरतो, पण सोडतो कोण?

प्रताप नगरच्या चौकात दिवा लाल झाला, की रिंग रोडवरची सगळी वाहतूक काही सेकंदांत जागच्या जागी उभी राहते. सायकल थांबते, रिक्षा थांबते, आणि दीड टन वजनाची मोटारही थांबते. सायकलस्वाराने मुठी आवळल्या तेव्हा रबरी गुटके रिमला घासताना तुम्हांला दिसले. मोटारीत मात्र चालकाने पायाखालची पट्टी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर दाबली, एवढेच. मग ते धूड थांबवले कोणी?

उत्तर शोधायला गॅरेजात जायची गरज नाही. शिकवणी वर्गाबाहेर मोटारसायकली उभ्या असतात ना, त्यांत एखादी केटीएम ड्यूक शोधा. ही गाडी आपल्या पुणे जिल्ह्यात, चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. तिच्या पुढच्या चाकाला एक चकचकीत, भोके पाडलेली पोलादी तबकडी दिसेल. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या कडेला धातूचा एक जाडजूड ठोकळा चिमट्यासारखा बसवलेला असतो. तो फिरत नाही. हा ठोकळा म्हणजे कॅलिपर. त्याच्या पोटात पिस्टन असतात आणि पिस्टनच्या तोंडाशी घर्षण करणाऱ्या दोन वड्या, म्हणजे ब्रेक पॅड. ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर सरकतात आणि पॅड दोन्ही बाजूंनी तबकडीला धरतात. पळणाऱ्या मोटारीतही हेच असते, फक्त आकार मोठा. (गाडी दुसऱ्याची असेल तर आधी विचारा, आणि गाडी नुकतीच येऊन थांबली असेल तर तबकडीला बोट लावू नका. का, ते पुढे कळेलच.)

आता कागद-पेन्सिल घ्या. थोडे गणित करू.

चालकाने पायाने २०० न्यूटन बल लावले असे समजा. साधारण २० किलोचे वजन ठेवल्यावर पडेल एवढे. ब्रेकची पट्टी ही एक तरफ असते. ती हे बल चौपट करते असे धरू. म्हणजे ८०० न्यूटन झाले. हे बल मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातील पिस्टनवर पडते. त्याचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. ८०० ला ३.१४ ने भागा. द्रवातील दाब आला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५५ न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पंचवीसपट.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे १७ व्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सांगितले. तुम्ही तो नियम नववी-दहावीत पाठ करता. इथे तो नोकरीला लागला आहे. कॅलिपरमधील पिस्टनचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, आणि त्यावर पडणारे बल १९.६ गुणिले २५५, म्हणजे ५,००० न्यूटन! पायाने लावलेले बल पंचवीसपट झाले. खऱ्या मोटारीत निर्वाताच्या साहाय्याने जोर वाढवणारा बूस्टरही असतो, तो आपण हिशेबात धरलेलाच नाही.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बल पंचवीसपट मिळाले, तर अंतर पंचवीसपट कमी मिळणार. पिस्टन सरकतो तो मिलिमीटरचा एखादा अंश. या एवढ्याशा अंतरातच आजच्या लेखाचे सगळे रहस्य दडले आहे.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीचा वेग ‘मारतो’ असे आपण म्हणतो. खरे तर तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १,४०० किलोग्रॅमची मोटार या वेगात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे ७८० किलोज्यूल असते. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे अडीच लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. एकदा थांबण्यात एवढी उष्णता, तीही चार-पाच सेकंदांत! ताशी ६० च्या वेगाला ही ऊर्जा निम्मी नसते, एक चतुर्थांश असते, कारण वेगाचा वर्ग होतो. वेगवान मोटारींच्या ब्रेकची एवढी काळजी का घ्यावी लागते, ते या वर्गात आहे.

आता चिखलदऱ्याला चला. विदर्भातल्या शाळांच्या सहली तिथे जातातच. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी सुमारे ७०० मीटर खाली येते. तिची स्थितिज ऊर्जा काढून पाहा: १,४०० गुणिले ९.८ गुणिले ७००, म्हणजे ९६ लाख ज्यूल. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली तर दोन बादल्या पाणी उकळेल. म्हणूनच जाणता चालक घाट उतरताना खालचा गिअर टाकतो आणि बराचसा भार इंजिनावर सोपवतो. जो गिअर न बदलता सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्याच्या तबकड्या काहीशे अंशांपर्यंत तापतात.

पूर्वीच्या गाड्यांत ढोलाचे ब्रेक असत. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी किंवा जुनी ॲम्बेसेडर यांच्या चारही चाकांना ढोल होते. ढोल तापला की प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो. शिवाय उष्णता आतच कोंडते. तबकडी तापली तर ती जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते, आणि ती उघड्या हवेत असते. हे फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याला फार आधी सुचले होते. त्याने १९०२ साली तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्या काळी घर्षणासाठी चांगले साहित्य नव्हते. धातूवर धातू घासून कानठळ्या बसत. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत जॅग्वार कंपनीच्या गाडीने जिंकली, ती डनलॉपचे तबकडी ब्रेक लावून. त्यानंतर हे ब्रेक हळूहळू सामान्य मोटारींत उतरले.

स्प्रिंग कुठे आहे?

सायकलच्या ब्रेकला स्प्रिंग असते. ढोलाच्या ब्रेकलाही असते. मूठ सोडली की स्प्रिंग गुटक्यांना मागे ओढते. कॅलिपर उघडून पाहिला तर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग बहुधा सापडतच नाही! मग पाय उचलल्यावर तबकडी सुटते कशी?

हे काम करते एक साधी रबरी कडी. नळकांड्याच्या आतल्या भिंतीत एक खाच असते आणि तिच्यात ही कडी, म्हणजे सील, बसवलेली असते. हिचा छेद बांगडीसारखा गोल नसून चौकोनी असतो. तिचे एक काम तुम्ही ओळखलेच असेल: द्रव बाहेर येऊ न देणे. दुसरे काम अधिक सुंदर आहे. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा कडीची आतली कड पिस्टनला चिकटून त्याच्याबरोबर पुढे जाते, बाहेरची कड मात्र खाचेत अडकून राहते. चौकोन तिरका होतो. पाय उचलताच दाब नाहीसा होतो, रबर आपल्या मूळ आकारात परत येते आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाने मागे घेऊन येते. बस्स, तेवढे पुरे! तबकडी सुटली.

आणि पॅड झिजला तर? पिस्टनला थोडे अधिक पुढे जावे लागते. रबर जितके तिरके होऊ शकते तितके होते आणि उरलेल्या अंतरात पिस्टन त्याच्यातून घसरून पुढे जातो. परत येताना मात्र रबर ठरलेल्या अंतरानेच त्याला मागे आणते. म्हणजे पॅड आणि तबकडी यांच्यातील फट नवी गाडी असताना जेवढी होती तेवढीच राहते. काही रुपयांची कडी गळती थांबवते, स्प्रिंग होते आणि फटही जुळवत राहते. ज्याने हे शोधले त्याला दाद द्यावी तेवढी थोडी!

एक कोडे घालतो. ब्रेकच्या द्रवाची छोटी टाकी बॉनेटखाली असते. गळती अजिबात नसतानाही तिची पातळी महिनोन्‌महिने हळूहळू खाली जाते. का? (पॅड झिजल्यामुळे पिस्टन पुढे आले, त्यांच्या मागे झालेली जागा भरायला द्रव टाकीतून गेला. द्रव हरवलेला नाही, जागा बदलून बसला आहे.)

तेल नसलेले ऑइल

दुकानात या द्रवाला सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण ते तेल नव्हे! बहुतेक गाड्यांतील हा द्रव ग्लायकॉल जातीच्या संयुगांचा असतो आणि तो पाण्यात सहज मिसळतो. रंगावर सांडला तर रंग खातो. मात्र लगेच भरपूर पाणी ओतले की धुतला जातो.

नावातल्या या चुकीमुळे अपघात होऊ शकतात. कॅलिपरचे सील बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असते. हे रबर ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षे सुखाने राहते. पण पेट्रोल, घासलेट, डिझेल, इंजिन ऑइल यांपैकी काहीही लागले की ते द्रव शोषून फुगते. रसायनशास्त्रातला ‘समान समानाला आपलेसे करते’ हा नियम तुम्हांला ठाऊक आहे. रबर हायड्रोकार्बनचे, पेट्रोलही हायड्रोकार्बनच. फुगलेले सील पिस्टनला आवळून धरते. ब्रेक लागतो, पण सुटत नाही. गॅरेजात प्रत्येक सुटा भाग घासलेटाच्या तसराळ्यात बुडवून धुण्याची सवय जुनी आहे. गिअरच्या चाकांना ती चालते, कॅलिपरला नाही. ‘ब्रेक ऑइल संपले, म्हणून तात्पुरते इंजिन ऑइल घातले’ असे कोणी म्हणाले तर त्या गाडीत बसू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

हे वर्गात करून पाहता येईल. एका फुग्याचे दोन सारखे तुकडे कापा आणि वहीवर ठेवून त्यांची बाह्यरेषा काढा. एक तुकडा रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये आणि दुसरा ग्लिसरीनमध्ये बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून पुन्हा मापा. प्रयोग शिक्षकांच्या देखत, खिडकी उघडी ठेवून करा. टर्पेंटाइनजवळ काडी ओढू नका.

आता पाण्याकडे वळू. पाण्यात मिसळणारा हा द्रव हवेतील बाष्पही ओढून घेतो, रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातील बारीक छिद्रातून. ‘डॉट ४’ प्रकारच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेले की चाचणीत किमान १५५ अंश अपेक्षित असतो. ‘डॉट ३’ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणजे शंभर भागांत चार भागांहूनही कमी पाणी मिसळले तरी पाऊणशे अंश गेले.

नागपूरकर ब्रेकच्या तक्रारींचे खापर मे महिन्यातल्या उन्हावर फोडतात. पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा ब्रेकही तापणारच, असा हा तर्क. पण तबकडी जिथे ३००-४०० अंशांपर्यंत जाते, तिथे बाहेरची हवा २५ अंश आहे की ४५, याने कितीसा फरक पडणार? खरा चोर पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा बाष्पाने भरलेली असते आणि द्रव गुपचूप पाणी पीत असतो. चोरी उघडकीला येते ती पुढे घाटात.

ती कशी, ते पाहा. पाय ब्रेकवर असतो तेव्हा द्रवावर मोठा दाब असतो आणि दाबाखाली उत्कलनबिंदू वाढतो. घरच्या कुकरमध्ये हेच घडते. त्यामुळे तापलेला द्रव उकळत नाही. वळण संपते, चालक पाय उचलतो. कुकरची शिटी काढावी तसा दाब एकदम जातो, आणि त्याच क्षणी कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. पुढच्या वळणावर चालक पट्टी दाबतो, ती सरळ तळाला जाते! द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र दाबली जाते. एक क्षणापूर्वी ब्रेक उत्तम होता, म्हणून कोणाला शंकाही आलेली नसते.

बुडबुड्याचे सामर्थ्य मोजायचे? मघाच्या गणितात १ घन सेंटिमीटरचा, लहानशा बोराएवढा, बुडबुडा घाला. २५ पट दाबाखाली तो पंचविसाव्या हिश्श्याएवढा होतो. ही ०.९६ घन सेंटिमीटरची जागा भरायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन ३ मिलिमीटर जादा सरकावा लागतो. आणि तरफेमुळे पायाला १२ मिलिमीटर जादा जावे लागते. ते सगळे वाया! दोन असमान सिरिंज, सुया काढून, सलाइनच्या नळीने जोडा. आधी पाण्याने पूर्ण भरून दट्ट्या ढकला, मग नळीत बोटभर हवा ठेवून ढकला. हाताला जो फरक कळेल तो कुठल्याही आकृतीतून कळणार नाही.

कॅलिपर टेबलावर

चांगला मेस्त्री कॅलिपर उघडण्याआधी पॅड वाचतो. दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर ठीक. आतला अधिक झिजला असेल तर सरकत्या कॅलिपरच्या मार्गदर्शक पिना अडकल्या असण्याची शक्यता असते. एका चाकाची तबकडी शेजारणीपेक्षा फार तापत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, तर कुठला तरी पिस्टन रुसला आहे.

वेगवान मोटारींत बहुधा चार किंवा सहा पिस्टनचा स्थिर कॅलिपर असतो, निम्मे पिस्टन तबकडीच्या एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. त्यातले पिस्टन अनेकदा एकाच मापाचे नसतात. फिरणारी तबकडी पॅडखाली जिथून शिरते तिथे पॅड अधिक रुततो आणि अधिक झिजतो. म्हणून त्या टोकाला लहान पिस्टन आणि दुसऱ्या टोकाला मोठा. उघडताना कोणता कुठला याची खूण ठेवलीच पाहिजे.

पिस्टन बाहेर काढण्यासाठी द्रवाच्या भोकातून दाबाची हवा सोडतात. इथे सावध! टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा वातावरणाच्या सहापट दाबाची असेल, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारे १,२०० न्यूटन बल पडते. म्हणजे १२० किलोचा धक्का. समोर बोट असेल तर चुरा होईल. म्हणून आधी लाकडाची फळी मध्ये घालतात, हवा अगदी हळू सोडतात आणि हात लांब ठेवतात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालत नाहीत. पक्के स्टँड लावतात. पॅडची भुकटी तोंडाने फुंकत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. जुन्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत.

पिस्टन निघाला की त्याच्यावरून नख फिरवायचे. नख अडखळले तर तिथे गंजाचा खड्डा आहे. गंज बहुधा धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीच्या मागे सुरू होतो, कारण फाटलेल्या टोपीतून शिरलेले पाणी तिथे साचते. कोणी सँडपेपर घासून पिस्टन ‘चकचकीत’ करतात. त्याने क्रोमचा पातळ थर जातो आणि गंजाला मोकळे रान मिळते. खड्डा असलेला पिस्टन बदलणे हाच उपाय. जुने सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने काढायचे. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा खाचेत पडला तर नवे सीलही गळेल. खाचेतला खरपुडीसारखा थर काढून टाकायचा, कारण तिथे रबराला हलायला मोकळी जागा हवी. नाहीतर ते तिरके होणार नाही आणि पिस्टनला मागे आणणार नाही. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा ताजा ब्रेकचा द्रव. पिनांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचे नाही, त्यात खनिज तेल असते आणि पिनांच्या टोप्या फुगतात.

नवे सील ताज्या द्रवाने ओले करून खाचेत बसवतात, पीळ पडला नाही ना हे बोटाने तपासतात, आणि पिस्टन अंगठ्यांनी सरळ आत ढकलतात. तिरका गेला तर तो अडतो. अशा वेळी हातोडी उचलणारा मेस्त्री बदलावा. होज जोडताना तांब्याच्या चकत्या नव्या घालायच्या आणि बोल्ट टॉर्क पान्याने, कारखान्याने सांगितलेल्या मापानेच आवळायचे.

आता हवा काढणे उरले. कॅलिपरच्या डोक्यावर एक निपल असते. एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने निपल किंचित उघडायचे, बुडबुड्यांसह द्रव पारदर्शक नळीतून बाटलीत जातो. पाय उचलण्याआधी निपल बंद. हे असे बुडबुडे संपेपर्यंत. टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. एबीएस असलेल्या गाडीत काही वेळा त्याचा पंप यंत्राने चालवून आतली हवा काढावी लागते.

कधी कधी बाटलीभर द्रव गेला तरी पट्टी स्पंजासारखीच राहते. मेस्त्री डोके खाजवतो, मास्टर सिलिंडर बदलायच्या गोष्टी सुरू होतात. अशा वेळी निपल कुठे आहे ते पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला असेल तर निपल खाली येते आणि हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसून राहते. बुडबुडा वरच जाणार. त्याला खालच्या दाराने कितीही बोलावले तरी तो येणार नाही.

गाडी जागची हलवण्याआधी पट्टी अनेकदा दाबून घ्यायची. पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. हे रस्त्यावर कळून उपयोग नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत वेग उतरवायचा, असे काही वेळा, मध्ये तबकडी थंड होऊ देत. त्यामुळे पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सारखा थर तबकडीवर बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते का आणि टाकीतली पातळी खुणेवर आहे का, एवढे पाहायचे. हे पाहणे तुम्हीही करू शकता. टाकीवर द्रव बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी नसेल, तर बाबांना किंवा मामांना तेवढे जरूर विचारा. बहुतेक कारखाने साधारण दोन वर्षांनी तो बदलायला सांगतात.